चार बोटं गज

आधीच सांगून टाकतो. मी सरकारी रजिस्टरात खोटं लिहिलं. एकदा नाही, सहा वेळा. आणि पुन्हा तशी वेळ आली तर सातव्यांदाही लिहीन. आता पेन्शनीत आहे, काय करायचं ते करा म्हणावं.

माझं नाव नत्थूजी. पोलिसात जमादार होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही, जिवंत माणसांच्या मागे उगाच लचांड नको. तळेगाव आणि कारंज्याच्या मधे कुठंतरी होतं, एवढं समजा. तीस वर्षं पंचनामे लिहून लिहून माझी मराठी सरकारी झाली, पण राग आला की वऱ्हाडी तोंडात येते. आणि राग मला लवकर येतो. आमची मंदाबाई म्हणते, ‘‘यायले शिंक यायच्या आंधी राग येते.’’ बायको आहे, म्हणणारच.

आमच्या हद्दीत तेव्हा एकवीस भरमार बंदुका होत्या. भरमार म्हणजे तोंडाकडून भरायची. नळीत दारू ओतायची, वर चिंधीचा डाट, मग छर्रे, पुन्हा डाट, आणि लोखंडी गजानं दणादण ठासायचं. मागं घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. घोडा पडला की टोपी फुटते आणि बार होतो. एका बाराला इतका खटाटोप की तोवर ससा दुसऱ्या तालुक्यात. तरी जुन्या लोकांनी या बंदुकांवर ससे मारले, तितर मारले, एखाद्यानं सांबरसुद्धा. बहात्तरच्या कायद्यानं शिकार बंद झाली. बंदुका राहिल्या त्या रानडुकरांना पिटाळायला. परवान्यावर तसंच लिहिलेलं असायचं, पीक संरक्षणासाठी.

निवडणूक लागली की या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या. परवानेवाला मेला की त्याच्या वारसानंही जमा करायची, नावावर नवा परवाना होईपर्यंत. जमा करून घेणं माझं काम. बंदूक रिकामी पाहिजे, हा नियम. आता भरमार भरलेली आहे की रिकामी, हे वरून पाहून ब्रह्मदेवालाही कळत नाही. ते गजाला कळतं. गज नळीत सोडायचा. बंदूक रिकामी असली तर तो सरळ तळाला जातो, ठण्ण वाजतो आणि नळीच्या तोंडाबरोबर होतो. भरलेली असली तर आतल्या दारूवर अडकतो आणि वर उरतो. निवडणुकीच्या दिवसांत दिवसातून दहादा मी तो ठण्ण ऐकायचो.

शहात्तरच्या पोळ्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी देवकाबाई पहिल्यांदा आली. चाळिशीची बाई, कपाळ मोकळं. नवरा रूपराव पोळ्याच्याच दिवशी गेलेला. तेरवी आटोपून, धोतरात गुंडाळलेली बंदूक पोराला घ्यावं तशी छातीशी धरून ती एसटीतून उतरली. मी बंदूक हातात घेतली. लांबलचक नळी, दस्ता तांब्याच्या तारेनं बांधलेला, सासऱ्याच्या शिकारीच्या दिवसांतली. गज सोडला. ठण्ण झालंच नाही. गज चार बोटं वर.

‘‘बाई! हे भरेल हाय!’’

‘‘हो जी. त्यायनं भरली.’’

‘‘मंग इथी काऊन आनली? जा त्या नाल्यात, उडवून या!’’

‘‘नाई जी.’’

‘‘नाई म्हंजे? ठाणं हाय हे, तुमच्या मावशीचं घर नाई!’’

ती बाकावर बसली. रडली वगैरे नाही. बंदुकीवर हात ठेवून बोलत राहिली, मला सांगत होती की बंदुकीला, कोण जाणे.

तिच्या गावात एक रीत होती. पोळ्याच्या दिवशी गावचे बैल मारुतीपुढच्या मैदानात तोरणाखाली उभे राहायचे, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, व्हायच्या, आणि मग रूपराव बार काढायचा. नुसता दारूचा, छर्रे नाहीत. त्या आवाजावर तोरण तुटायचं आणि पोळा फुटायचा, बैल घराकडं सुटायचे. बायका तेव्हा मैदानात नसायच्या. त्या घरी, ओवाळायचं ताट तयार ठेवून, चुलीवर पुरणपोळ्या. रूपराव बैलांच्या पुढं धावत घरी यायचा आणि दारातूनच विचारायचा, ‘‘आयकू आला का वं बार?’’

आणि देवकाबाई तव्यावरून नजर न काढता म्हणायची, ‘‘काहाचा बार जी? मले वाटलं शेजारनीनं ताट पाडलं.’’

एकोणीस वर्षं हेच. तो दर वर्षी विचारणार, ही दर वर्षी ताट पाडणार.

‘‘खरं त कसं हाय, जमादारभाऊ,’’ ती म्हणाली, ‘‘बार झाला का चुलीवरचं पान्याचं गंज हाले. माया छातीत धस्स होये. मले वाटे, हा माया मानसाचा आवाज हाय, साऱ्या गावानं आयकला. पन सांगन कोन? सांगतलं असतं त डोक्यावर चढून बसले असते!’’

त्या वर्षी सकाळी रूपरावनं दारू तळहातावर मोजली, डाटाला चिंधी मागितली. हिनं जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ टर्रकन फाडून दिला. बंदूक भरून त्यानं खुंटीवर टांगली आणि बैल धुवायला नदीवर नेले. दुपारी बैल आपल्या पायानं घरी आले. ओलेचिंब. एकाच्या शिंगांना बेगड चिकटवलेली, चकचक करणारी, दुसऱ्याची शिंगं कोरी. हिला वाटलं, आता मागून येतीलच. बैलांना गूळ दिला, आणि दाराकडं पाहत बसली. मागून माणसं आली ती त्याला बाजेवर घेऊन. पाण्याच्या काठी बसल्या बसल्या छातीत कळ आली म्हणे. त्या वर्षी गावचा पोळा फुटलाच नाही.

‘‘हा बार त्यायचा हाय,’’ ती म्हणाली. ‘‘हा उडून गेला का मायापाशी काय राह्यते? म्या आयकू आला नाई म्हनलं, तेवढंच राह्यते.’’

मला काय झालं ते मलाच सांगता येत नाही. मी लय ओरडलो. ठाण्याला आग लागली तर काय, साहेबानं पाहिलं तर काय, माझी नोकरी काय तुझा बाप देतो काय, असं सगळं बोललो. तिनं बंदुकीवरचा हात काढला नाही. मग मी घोड्याखालची तांब्याची टोपी काढून टाकली, टोपी बसते त्या बारक्या नळीचं भोक मेणानं बुजवलं, आणि रजिस्टरात लिहिलं: भरमार बंदूक, एक नळी, रिकामी.

तिनं उठून नळीवरच्या गजाला चार बोटं लावून पाहिली. बरोबर चार. मग पदर सावरून साडेचारच्या गाडीनं गेली.

तेव्हापासून माझ्या मालखान्यात रूपराव राहायला आला. हसू नका. मालखाना म्हणजे आमची जप्तीचा माल ठेवायची खोली. एक झरोका, त्यातून दुपारी उन्हाचा पट्टा यायचा आणि भिंतीला टेकलेल्या बंदुकांवरून हळूहळू सरकायचा. एकवीस नळ्या, त्यातल्या वीस पोकळ. उन्हाचा पट्टा त्या एकीवर आला की मला वाटायचं, ही आत श्वास धरून बसली आहे. मी जाता-येता तिच्यावर हात ठेवायचो. नळी गार असायची, पण मला आपली ती कोमट लागायची. एका उन्हाळ्यात दुपारी खुर्चीतच डोळा लागला. पाहतो तर ठाण्याच्या अंगणात ओले बैल उभे. एकाच्या शिंगांना बेगड, दुसऱ्याची कोरी. अंगावरून पाणी ठिबकतंय आणि अंगणातली धूळ काही भिजत नाही. ते माझ्याकडं पाहत होते, आता याला विचारू की नको अशा तोंडानं. जागा झालो तेव्हा शिपाई चहा घेऊन उभा होता. घरी सांगितलं तर मंदाबाई म्हणाली, ‘‘दुसऱ्याच्या बंदुकीत तुमचा काहाले जीव अडकला?’’ पण त्या दिवशी ती माझ्याजवळ जरा जास्त वेळ बसली.

सव्वा वर्षानं परवाना देवकाबाईच्या नावावर झाला. ती बंदूक घेऊन गेली. पुढं दर निवडणुकीला यायची. अठ्ठ्याहत्तरला, ऐंशीला दोनदा, चौऱ्याऐंशीला. मी गज सोडायचो, ती बोटं लावायची. घरात माणूस आहे का हे दार लोटून बघावं, तशी बघायची. मी लिहायचो, रिकामी. आम्ही यावर एक अक्षर बोलत नसू. ती जाताना ओट्यावर भुईमुगाच्या शेंगांची पुडी ठेवायची, मी न पाहिल्यासारखं करायचो. लाच म्हणायची तर म्हणा, शेंगा चांगल्या असायच्या.

पण तिला हे फुकट पडत नव्हतं. तिचं वावर अगदी रानाला लागून. भरलेली बंदूक मांडीवर घेऊन ती मचाणावर बसायची आणि डुकरं आली की तोंडानं ओरडायची. डुकरं काय, चार दिवस भ्यायली, पाचव्या दिवशी बाईच्या ओरडण्याला सरावली. एक्क्याऐंशीला अर्धा भुईमूग त्यांनी उकरून खाल्ला. गावानं नाव ठेवलं, देवकाबाईची मुकी बंदूक. अण्णाजी पाटील, म्हणजे तिथले पोलीस पाटील, माझ्यापाशी गाऱ्हाणं घेऊन आले.

‘‘जमादार, तुमी सांगा तिले. डुकराईचं जाऊ द्या, पन पोळ्याले बार नाई. मांगच्या साली डबा वाजवला. डबा वाजवून कोठी पोळा फुटते का? बैल हालले नाईत, मान्सं हासले!’’

‘‘परवाना पिकासाठी हाय, पोळ्यासाठी नाई,’’ मी म्हणालो.

‘‘तिचा नवरा उडवे तवा कुठं गेलता तुमचा परवाना?’’

‘‘तवा मी नोतो!’’ असं म्हणून मी त्यांना पिटाळलं. खरं कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते तिला ठाऊक होतं, मला होतं, आणि गजाला.

पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये निवडणूक झाली. ती बंदूक परत न्यायला आली तेव्हा मी तिला बाकावर बसवलं. कसं सांगावं हे आठ दिवस घोळवलं होतं, आणि शेवटी सांगितलं ते धोंडा टाकल्यासारखंच.

‘‘देवकाबाई, दिवाळीच्या आंधी मी रिटायर होऊन राह्यलो. मंग नवा जमादार येईन. तो गज सोडीन. चार बोटं पाहीन. आन एखाद्या पोलीसवाल्याले म्हनीन, जा रे, उडवून ये. तो पोट्टा बिडी ओढत जाईन त्या नाल्यात आन उडवून येईन. कोनीच आयकनार नाई.’’

तिचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा घाबरलेली पाहिलं. तिनं बंदूक जवळ ओढली, धोतराची घडी नीट केली, पुन्हा नीट केली.

‘‘तुमी नाई सांगू शकत त्यायले?’’

‘‘काय सांगू, बाई? कागदावर रिकामी लिवलं हाय. म्याच लिवलं.’’

ती गेली. शेंगांची पुडी त्या दिवशी विसरली. श्रावणात पुन्हा आली, बंदूक न घेता, आणि ठाण्याच्या पायरीवरूनच म्हणाली, ‘‘पोळ्याले येजा, जमादारभाऊ. आवतन द्याले आली.’’ आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना आवतन देतात, उद्या जेवायला या म्हणून. मला तिनं पंधरा दिवस आधी दिलं.

पोळ्याच्या दिवशी मी साध्या कपड्यात गेलो. ढग खाली आलेले, डोंगर अर्धा दिसत नव्हता, आणि जिकडंतिकडं भिजल्या गवताच्या, शेणाच्या आणि पुरणाच्या वासाची हवा. तिच्या अंगणात एक म्हातारा बैल होता. मी ओळखलं. त्या दिवशी शिंगं कोरी राहिली होती तो हाच. आज दोन्ही शिंगांना बेगड होती.

तिनं खुंटीवरून बंदूक काढली, रूपरावचं दारूचं शिंगडं काढलं, टोपीची डबी काढली. डबीत तीन टोप्या. सगळं माझ्या हातात दिलं.

‘‘मी?’’ मी म्हणालो. ‘‘तुमच्या मानसाचा बार हाय, तुमी उडवा.’’

‘‘मी बंदुकीपाशी राह्यली त घरी आयकन कोन?’’ असं म्हणून ती चुलीपाशी जाऊन बसली. तव्यावर पोळी टाकली.

मैदानात बैल लागले होते, तिचा म्हाताराही त्यांत. झुली, घुंगरं, रंगलेली शिंगं. मला बंदुकीसह पाहून गलका झाला, मग एकदम शांत. झडत्या संपल्या. मी मेण खरवडलं, टोपी बसवली, नळी आभाळाकडं केली. हात लांब धरला, कारण नऊ वर्षांची दारू, फुटली तर माझ्या तोंडावरच. घोडा ओढला.

टक्.

नुसती टोपी वाजली. दुसरी बसवली. टक्. पोरं हसली. बैल कंटाळून माना हलवायला लागले. मला घाम फुटला. त्या घरात ती ताट घेऊन बसली असणार, प्रत्येक क्षणाला कान लावून, आणि इकडं हे टक् टक् तिला ऐकूही जात नसणार. दारू मेली असेल. नऊ पावसाळे. मी जर हिला शहात्तरलाच उडवून यायला लावलं असतं तर निदान एकदा तरी वाजली असती. माझ्या दयेनंच सत्यानाश केला, असं मनात आलं.

अण्णाजी पाटील जवळ सरकले. धोतराच्या ओच्यातून एक सुतळी बॉम्ब काढून दाखवला. ‘‘मारुतीच्या मांगं फोडतो. बाईले का समजते?’’

खरं सांगतो, एक घडी मला ते पटलं. मी त्या बॉम्बकडं पाहिलं. मग एकोणीस वर्षं तव्यावरून नजर न काढता बार ऐकणारी ती बाई आठवली, आणि माझा तो जगप्रसिद्ध राग आला.

‘‘ठेवा तो मांगं! नाई त तुमालेच आत टाकीन!’’

बाभळीचा काटा मागितला. टोपीखालचं भोक कोरून कोरून साफ केलं. रूपरावच्या शिंगड्यातली दारू चिमटीत घेतली आणि दाणा दाणा त्या भोकात सोडला, जाईल तितकी. हातात एकच टोपी उरली. ती बसवली. मी देवभोळा नाही, पण तेव्हा मी बोललो. मोठ्यानं नाही. म्हणालो, ‘‘रूपरावजी, ती वाट पाहून राह्यली.’’

घोडा पडला. टक्.

काही नाही.

मी नळी खाली करणार, एवढ्यात आत कुठंतरी बारीक सुरसुरलं, झोपेतल्या माणसानं कूस बदलावी तसं. आणि मग बार झाला.

असा आवाज मी उभ्या नोकरीत ऐकला नाही. खांदा बधिर झाला. डोंगरानं तो आवाज घेतला, ठेवून घेतला, आणि परत दिला. पांढरा धूर मैदानावर उतरला, त्यात बैलांची शिंगं तेवढी चकाकत होती. धुरातून एक जळकी चिंधी तरंगत तरंगत खाली आली. एका टोकाला अजून हिरवी होती. मग तोरण तुटलं आणि पोळा फुटला. नऊ वर्षांनी तो गावचा पोळा खरा फुटला. घुंगरांचा, माणसांचा, आरोळ्यांचा लोंढा माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेला आणि मी मधे उभा, डोळ्यांतून पाणी वाहतंय, धुराचं म्हणा.

चिंधी उचलून खिशात घातली. गज नळीत सोडला. सवयच ती. ठण्ण. नळीच्या तोंडाबरोबर झाला.

घराकडं निघालो तेव्हा मी ठरवलं होतं, दारातूनच विचारायचं, आयकू आला का वं बार. तिला बरं वाटेल. पण घर जवळ आलं तशी मी चाल धीमी केली. तो प्रश्न माझा नव्हता. म्हातारा बैल माझ्या पुढं चालला होता, वाट माहीत असल्यासारखा.

देवकाबाई दारात उभी होती. हातात ओवाळायचं ताट, त्यातला दिवा थरथरत होता, आणि आत चुलीवर पोळी करपत होती. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. माझ्या मागं, बैल येतात त्या वाटेकडं ती पाहत होती. तिथं धूर अजून विरायचा होता.

‘‘आयकू आला जी,’’ ती म्हणाली. ‘‘दरसालच आयकू येत होता.’’

मग खाली वाकून तिनं बैलाच्या पायावर पाणी घातलं.